साडेसात ते साडेनऊ : भुकेच्या वेळची भांडणं कशी टाळायची

मागच्या दिवाळीनंतर मी एक उद्योग केला. फ्रीजवर कॅलेंडर लटकतं ना, ज्याच्यावर दुधाचे खाडे मांडतो आपण, त्याच्यावरच नवऱ्याशी झालेल्या प्रत्येक भांडणाची वेळ लिहायला लागले. कारण नाही लिहायचं, कोण बरोबर कोण चूक ते तर अजिबातच नाही, नुसती वेळ आणि त्याच्या बाजूला आम्ही दोघांनी शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं ते. सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या आठ संध्याकाळी साडेसात ते साडेनऊच्या मधल्या निघाल्या. आम्ही धायरीला राहतो, नवरा हिंजवडीहून बाईकवर येतो, एक वाजता डबा, चारला चहा आणि दोन बिस्किटं, आणि दारात पाऊल टाकतो साडेआठला. माझं पण तेच, फक्त मी सातला पोचते आणि पोचल्यापोचल्या कणीक मळायला घेते. म्हणजे दोघंही सात-आठ तास धड काही न खाल्लेले, आणि नेमकं तेव्हाच मला आठवतं की सोसायटीचा मेंटेनन्स भरलाय का हे विचारायचं राहिलंय.

तर हे जे खाली लिहितेय ते त्या कॅलेंडरवरून शिकलेलं, थोडं वाचलेलं, आणि बरंचसं सासऱ्यांच्या डायबेटीसमुळे अंगावर आलेलं आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

आधी, भुकेनं चिडचिड होते हे खरंच असतं का

असतं, पण जसं सांगतात तितकं सरळ नसतं. आपला मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या एकूण एनर्जीपैकी वीस टक्क्यांच्या आसपास एकटाच खातो आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे ग्लुकोज. जेवण झालं की शुगर, म्हणजे रक्तातली साखर, वर जाते, मग खाली येते, आणि फार वेळ काही मिळालं नाही तर लिव्हर साठवलेली साखर सोडायला लागतं. ती सोडायला सांगणारे जे हार्मोन आहेत त्यात अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल पण आहेत. आता अॅड्रिनलीन म्हणजे तेच जे कुत्रं अंगावर आलं की सुटतं. छाती धडधडते, हात थरथरतात, आवाज चढतो. अंगात असं सगळं चालू असताना कोणी विचारलं की "गॅस बुक केलास का" तर ते वाक्य प्रश्नासारखं ऐकूच येत नाही, आरोपासारखं ऐकू येतं.

पण निरोगी माणसाची शुगर संध्याकाळच्या भुकेनं काही सत्तरच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मशीनवर दिसतो तो आकडा) खाली कोसळत नाही हो, शरीर ती धरून ठेवतं, त्यासाठीच तर एवढा खटाटोप करतं. त्यामुळे "माझी शुगर लो झाली म्हणून मी ओरडलो" हे डायबेटीस नसलेल्या माणसानं म्हटलं तर ते बहुतेक वेळा खरं नसतं, त्याला भूक लागलेली असते, दमलेला असतो आणि ट्रॅफिकमधून आलेला असतो.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१४ चा. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रॅड बुशमन आणि मंडळींनी १०७ नवरा-बायकोच्या जोड्या घेतल्या, २१ दिवस सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपायच्या आधी त्यांची शुगर मोजायला लावली, आणि प्रत्येकाला एक बाहुली आणि ५१ टाचण्या दिल्या. ही बाहुली म्हणजे तुमचा जोडीदार, रोज रात्री जितका राग असेल तितक्या टाचण्या तिला टोचायच्या. हो, खरंच. काळी बाहुली आणि लिंबू-मिरचीवाले आपण, आपल्याला यात नवीन काही नाही, पण तिकडे हे सायन्स म्हणून छापून आलं. ज्यांची रात्रीची शुगर कमी त्यांनी टाचण्या जास्त टोचल्या. शेवटी लॅबमध्ये बोलावून त्यांना एक गेम खेळायला दिला, जिंकलात तर जोडीदाराच्या हेडफोनमध्ये घाण आवाज सोडायचा, फळ्यावर नखं घासल्याचा, डेंटिस्टच्या ड्रिलचा, किती मोठा आणि किती वेळ ते तुम्ही ठरवायचं. तिथेही कमी शुगरवाल्यांनी जास्त मोठा आणि जास्त वेळ सोडला. (प्रत्यक्षात समोर कॉम्प्युटरच खेळत होता, कोणाचे कान गेले नाहीत.)

यावरून लोकांनी लगेच काढलं की साखर खा आणि संसार वाचवा. थांबा जरा. या प्रयोगात दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच, शुगर कमी असल्या*मुळे* राग आला हे त्यातून सिद्ध होत नाही, त्या दिवशी झोप नसेल, ताप असेल, आधीच भांडण झाल्यामुळे जेवणच गेलं नसेल. त्याच्या आधी २००७ मध्ये लिंबू सरबताचे प्रयोग झाले होते, साखरेचं सरबत प्यायलेल्यांचा स्वतःवरचा ताबा शुगर-फ्रीवाल्यांपेक्षा चांगला राहिला असं त्यात आलं, आणि संयम म्हणजे पेट्रोलची टाकी, वापरली की रिकामी, साखर घातली की भरली, ही कल्पना जगभर पसरली. मग कोणीतरी गोड पाणी नुसतं तोंडात खुळखुळवून थुंकायला लावलं, आणि पोटात एक थेंब न जाता पण तसाच परिणाम दिसला! म्हणजे टाकीबिकी काही नाही, मेंदूला फक्त "येतंय हं जेवण" एवढा निरोप पोचला. पुढे २०१६ मध्ये २३ लॅब्सनी मिळून दोन हजारांवर लोकांवर ताबा "संपतो" का हेच तपासलं तर परिणाम जवळजवळ शून्य आला. त्यामुळे खिशात ग्लुकोजची पुडी घेऊन फिरायची काही गरज नाही.

भूक आणि चिडचिड यांची जोडी मात्र पक्की आहे. २०२२ मध्ये युरोपात ६४ लोकांना २१ दिवस, दिवसातून पाच वेळा मोबाईलवर विचारत राहिले की आत्ता किती भूक आहे आणि किती चिडचिड होतेय, तर चिडचिडीत जो चढउतार होतो त्यातला साधारण ३७ टक्के आणि रागातला ३४ टक्के भुकेशी जोडलेला निघाला. शुगर त्यांनी मोजलीच नव्हती, नुसती भूक विचारली होती.

मग करायचं काय

पहिलं म्हणजे दोन आठवडे माझ्यासारखं नुसतं लिहून काढा. वेळ आणि शेवटचं खाणं, बस. जोडीदाराला दाखवून लिहा, लपवून नाही, नाहीतर तो कागद सापडला की त्याच्यावरूनच बारावं भांडण होतं. काही घरांत ती वेळ संध्याकाळची नसते, सकाळची असते, नुसता चहा पिऊन मुलांना रिक्षात बसवेपर्यंतची. शिफ्टवाल्यांची अजून वेगळी.

दुसरं, ती मधली आठ तासांची दरी बुजवा. चारचा चहा-बिस्किट हा काही आहार नाही, साखर आणि मैदा, भस्सकन वर जातं आणि तासाभरात परत भूक. त्याऐवजी किंवा त्याच्यासोबत म्हणा (चहा सोडा असं सांगायची माझी हिंमत नाही) साडेपाच-सहाच्या सुमाराला काहीतरी चावून खायचं आणि प्रोटीन असलेलं. मूठभर फुटाणे-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, सकाळच्या मटकीच्या उसळीतली वाटीभर, अर्धं थालीपीठ दह्याशी, अगदी काही नसेल तर केळं आणि चार दाणे. नवऱ्याच्या ऑफिस बॅगेत मी फुटाण्यांची डबी टाकायला लागले तेव्हा पहिला आठवडा ती जशीच्या तशी परत यायची. मग कळलं की ऑफिसमधून निघताना खाणं त्याच्या लक्षातच राहत नाही, म्हणून ती डबी बॅगेतून काढून हेल्मेटमध्ये ठेवायला सांगितली. हेल्मेट घालायला डबी काढावीच लागते, काढली की खातो. एवढीशी गोष्ट, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

तिसरं आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय, ते म्हणजे घरात भुकेलेलं *कोण* आहे ते नीट बघा. हे सगळे लेख वाचले की असं वाटतं की नवरा भुकेला घरी येतो आणि चिडतो आणि बायकोनं पटकन ताट वाढावं. अहो पण ती जी सात ते नऊ ओट्याशी उभी आहे, फोडणीचा वास घेत, पोळ्या लाटत, सगळ्यांना गरम वाढून शेवटी बसणार आहे, तिनं कधी खाल्लंय? एक वाजता. आमच्या कॅलेंडरवर आठपैकी पाच भांडणं मी सुरू केलेली होती, हे लिहिताना मला स्वतःलाच पटत नव्हतं, मला वाटायचं तोच येऊन कटकट करतो. मी भुकेली स्वयंपाक करत होते आणि येईल त्याच्यावर खेकसत होते. आता नियम असा की स्वयंपाक करणाऱ्यानं ओट्याशी उभं राहायच्या आधी काहीतरी खायचं, बसून, पाच मिनिटं. कणीक मी सकाळीच मळून फ्रीजला टाकते, आणि पोळ्या आधी करून सगळे एकदम बसतो, गरम फुलका एकेक वाढायचा लाड बंद. सासूबाईंना आवडलं नव्हतं, "ताटात गार पोळी!" म्हणाल्या, पण त्या पण आता आमच्याबरोबर बसतात, आधी त्या साडेनऊला एकट्या जेवायच्या.

चौथं, विषयांची वेळ ठरवा. आमच्यात ठरलंय की दारातून आत आल्यापासून जेवण होऊन वीस मिनिटं होईपर्यंत पैसे, मुलाचे मार्क आणि दोन्हीकडचे नातेवाईक हे तीन विषय काढायचे नाहीत. बाकी काय वाटेल ते बोला. आधी पोटोबा मग विठोबा असं आपल्याकडे म्हणतातच, विठोबा थांबतो तर ईएमआय पण थांबेल. फारच अर्जंट असेल तर "जेवल्यावर बोलायचंय, विषय मेंटेनन्सचा, घाबरू नकोस" असं पूर्ण सांगायचं. नुसतं "जेवण झालं की बोलू" म्हटलं तर समोरच्याचा घास घशात अडकतो, अनुभव आहे.

आणि पाचवं, भूक लागली की ती स्वतःबद्दल बोलून दाखवायची. "मला प्रचंड भूक लागलीये, दहा मिनिटं माझ्याशी बोलू नका." नॉर्थ कॅरोलायनात एक प्रयोग झाला होता, कॉलेजच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं, मुद्दाम कॉम्प्युटर बंद पाडला आणि वर त्यांच्यावरच खापर फोडलं. भुकेल्या मुलांना जास्त राग आला, पण ज्यांना आधी भावनांवर काही लिहायला लावलं होतं, म्हणजे ज्यांचं लक्ष आपल्याला काय होतंय याकडे गेलेलं होतं, त्यांच्यात तो फरक दिसला नाही. म्हणून आपल्याला काय होतंय ते आपलं आपण ओळखणं कामाचं आहे. दुसऱ्याला ओळखून दाखवणं मात्र धोक्याचं! तापलेल्या माणसाला "तुला भूक लागलीये म्हणून तू चिडतोयस" असं चुकूनसुद्धा म्हणू नका, त्याचा मुद्दा खरा असला तरी तुम्ही तो पोटात ढकलून दिला असं होतं. गुपचूप समोर वाटी सरकवा आणि बाजूला व्हा.

उपास आणि शुक्रवार

संकष्टीचं वेगळं लिहावं लागेल कारण चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याच्याही नंतर, आणि तोपर्यंत घरातली दोन माणसं सकाळपासून चहावर. आमच्याकडे त्या दिवशी सगळे विषय पूर्ण बंद, आरती होऊन मोदक पोटात जाईपर्यंत. दिवसभर जे खाता ते पण बघा, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडी खाऊन दोन तासांत परत पोटात कावळे. दाण्याचं कूट सढळ हातानं घाला, बरोबर दही घ्या, राजगिऱ्याची भाकरी किंवा दाण्याची आमटी असेल तर अजून उत्तम, जास्त वेळ टिकतं. निर्जळीवाल्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकत पण नाहीत.

आणि शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर मित्रांबरोबर "बसणारे" जे आहेत त्यांच्यासाठी एकच, रिकाम्या पोटी बसू नका. दारू लिव्हरचं साखर तयार करायचं काम अडवते, त्यात पोट रिकामं, त्यात मुळात दारूनं जीभ सैल. डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर यात खरोखरचा धोका आहे.

घरात डायबेटीस असेल तर

इथे मात्र सगळं वेगळं. वर मी म्हटलं ना की निरोगी माणसाची शुगर सहसा सत्तरच्या खाली जात नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्याची किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या घेणाऱ्याची जाऊ शकते आणि जाते, आणि तेव्हा येणारा राग हा स्वभाव नसतो, ते लक्षण असतं. नुसत्या मेटफॉर्मिननं, ती पण डायबेटीसचीच गोळी, असं सहसा होत नाही.

आमचे आप्पा, म्हणजे सासरे, आयुष्यात कोणाला अरे म्हणून बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात मुहूर्त लांबला, पंगत दीडऐवजी तीनला बसणार होती, आणि त्यांनी सकाळची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. हॉलमध्ये भर माणसांत ते आईंवर, म्हणजे सासूबाईंवर, ओरडायला लागले, पिशवी कुठे ठेवलीस म्हणून, पिशवी त्यांच्याच हातात. सगळ्यांना वाटलं म्हातारा चिडलाय मानपानावरून, एक मामा समजूत काढायला आले तर त्यांचा हात झिडकारला. माझं लक्ष गेलं ते घामाकडे, एसी हॉलमध्ये सदरा ओला झालेला आणि हात लटलट कापत होते. पर्समध्ये शुगर मोजायचं मशीन होतं, ५८ आली.

अशा वेळी वाद घालू नका, समजूत काढू नका, "आप्पा, हे घ्या, एक घोट" एवढंच बोला आणि द्या. मोजता आली तर मोजा, मशीन नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका. साधारण १५ ग्रॅम साखर लागते, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा कप साखरवालं ज्यूस किंवा कोल्ड्रिंक, डाएटवालं नाही. १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, सत्तरच्या वर नसेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी-भाजी, दूध-केळं असं काहीतरी खायला घालायचं कारण या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि शुगर परत घसरू शकते. त्या दिवशी चार जणांनी चार पेढे आणून समोर धरले होते, प्रेमानंच, पण पेढा, बर्फी, चॉकलेट यात तूप किंवा फॅट असतं, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, ते नंतर.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. आपल्याकडे बऱ्याच पेशंटना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी असते, कधी एकाच गोळीत तीन औषधं असतात. हे औषध साध्या साखरेचं पचन हळू करतं, त्यामुळे अशा माणसाची शुगर उतरली तर साखरेचं पाणी चटकन काम करत नाही, ग्लुकोजच द्यावं लागतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात नावं असतात, आजच वाचा आणि ते नाव दिसलं तर ग्लुकोज पावडरचा छोटा डबा आणून ठेवा. बीपीच्या काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांना, धडधड आणि थरथर जाणवतच नाही, घाम तेवढा येतो, तो ओळखायचा.

माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखर नाही, मध नाही, पाणी पण नाही. कुशीवर करा आणि १०८ ला फोन.

आप्पांना नंतर त्यातलं अर्धं आठवत नव्हतं. आई दोन दिवस गप्प होत्या, लोकांसमोर बोललेलं लागलं होतं त्यांना. शुगर वर आली म्हणून शब्द परत घेतले जात नाहीत, तेव्हा सगळं निवळल्यावर, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, एकदा बसून बोलून घ्यायला हवं, आणि असं झालं की डॉक्टरांना कळवायलाच हवं, डोस बदलावा लागतो. आप्पांचा बदलला. शिवाय लग्नकार्याला आता आईंच्या पिशवीत चार खजूर आणि दोन दशम्या असतातच, मुहूर्त काय वाटेल तो असो. आणि हो, शुगर सतत वर असेल तरीसुद्धा माणूस चिडका होतो, थकलेला, सारखं पाणी पिणारा, रात्रीत चारदा उठणारा. घरात कोणी गेले काही महिने असं वागत असेल तर टोमणे मारायच्या आधी एक टेस्ट करून घ्या.

कुठे हे लागू नाही

जो माणूस भुकेला असताना बॉसवर ओरडत नाही, सिग्नलवरच्या पोलिसावर ओरडत नाही, आणि घरी येऊन फक्त बायकोवर हात उचलतो, त्याचा ब्रेक भुकेनं गेलेला नसतो. ब्रेक छान काम करतोय, कुठे लावायचा नाही ते त्याला माहीत आहे. तिथे वाटीभर फुटाणे ठेवून बघू असला विचार करू नका, आणि लवकर वाढलं असतं तर वाचले असते असा तर नकोच. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा नुसत्या मारहाणीसाठी नाही, शिवीगाळ, पैसे न देणं हे पण त्यात येतं.

आमचं कॅलेंडर यंदा परत लावलंय. साडेसात ते साडेनऊच्या खान्यात सहा आठवड्यांत दोनच नोंदी, त्यातली एक संकष्टीची, तेव्हा ढगांमुळे चंद्रच दिसत नव्हता. उरलेली तीन दिराच्या फ्लॅटवरून, गेल्या वर्षी पण तीनच होती, आणि तिन्ही पोटभर जेवून झाल्यावर, एक तर पुरणपोळी खाऊन.